पहिल्या वेच्याची पावडर

आमच्या घरात 'पांढरं' हा शब्द जपून वापरावा लागतो. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात चहाचे कप पुसता पुसता मी सहज म्हणून गेले, "किती पांढरेशुभ्र आहेत हे!" ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला, "तसे नाहीत ते. राखाडीवर गेले हायेत." मी कप खाली ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून हसत होता.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजींचा सगळा जन्म जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेला. कापसाची गाडी आली की हात खांद्यापर्यंत आत खुपसायचा, पोटातला मूठभर कापूस ओढायचा, उजेडात धरायचा आणि तो कसा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. विकणारा आणि घेणारा दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. कापूस दुधावर आहे, मलईवर आहे, धुरकट आहे, ओल खाल्लेला आहे, असं ते म्हणत. नुसतं 'पांढरं' असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. कापसाला नाही, दुधाला नाही, माझ्या माहेरच्या सत्यनारायणाच्या साखरेलाही नाही.

काम सुटलं तरी पारख सुटली नाही. आमची ओसरी उत्तरेला तोंड करून आहे आणि कापूस पाहायला सकाळचा तिकडचाच उजेड लागतो, असं मामाजी म्हणतात. दसऱ्यानंतर कापूस निघायला लागला की तिगावकडची, आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजारात जायच्या आधी आमच्याकडे डोकावत. दुपट्ट्याच्या टोकात मूठभर कापूस बांधलेला. मामाजी दोन्ही अंगठ्यांनी त्याचा धागा ओढून पाहत, फुंकर मारत, आणि दोन शब्द बोलत. माणूस चहा पिऊन निघून जाई. त्या दोन शब्दांवर मामाजींचा अख्खा दिवस चांगला जायचा. जेवणात मीठ कमी पडलं तरी त्या दिवशी चालून जायचं.

आता पावडरीचं सांगते. मुलं शिकायला बाहेर गेली, आणि नवरा सरकारी कचेरीत. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याचे साहेब वाढले, फायली वाढल्या आणि घरी यायची वेळ पुढे सरकली. मला घर खायला उठायचं. आमच्या महिला गटात एका बाईंनी कपडे धुवायची पावडर करायला शिकवलं आणि मी त्याच्या मागेच लागले. सोडा, मीठ आणि स्लरी. ही स्लरी म्हणजे काकवीसारखं दाट, तपकिरी प्रकरण. तिच्यामुळे फेस येतो, तिच्यामुळेच मळ निघतो. हातमोजे घालून प्लास्टिकच्या टबात सोड्यात ती थोडी थोडी सोडायची आणि कालवत राहायचं. मिश्रण तापतं, गोळे होतात. ते फोडायचे, सावलीत पसरायचे, चाळायचे, शेवटी सेंट टाकायचं. पहिल्या घाण्याला मला इतक्या शिंका आल्या की शेजारीण औषध घेऊन आली.

पण पावडर झाली झकास. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर अशी निघाली की तो आरशासमोर मान वळवून वळवून पाहत बसला. मी एका ताटलीत पावडर घेतली आणि ओसरीवर मामाजींसमोर धरली. खरं तर दाखवायची म्हणून दाखवली. त्यांनी ते मनावर घेतलं. नमुन्यासाठी जवळ ठेवलेल्या डबीतला कापूस काढून एका तळहातावर ठेवला, दुसऱ्यावर पावडर घेतली, उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले.

मग म्हणाले, "फरदड नाही हे. पहिल्या वेच्याचा माल हाय."

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर निघणारा उरलासुरला कापूस. पहिल्या वेच्याचा म्हणजे सगळ्यात उजवा. मामाजींकडून एवढं ऐकायला मिळावं म्हणून माणसं गाडी जुंपून यायची, आणि मला घरबसल्या मिळालं. मी हवेतच होते. त्या दिवसापासून प्रत्येक घाणा चाळून झाला की मामाजी तपासत. "सूनबाई, आज जरा स्लरी जास्त झाली वाटते," असंही सांगत, आणि खरंच झालेली असे. ओसरीवर आता कापूसही यायचा आणि पावडरही.

माझं माहेर सौसरचं. तिथे आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकूंचं दुकान आहे. नात्यानं त्या कोणी नाहीत, पण अर्ध्या सौसरच्या काकू आहेत. शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणारी माणसं त्यांच्याकडून नारळ आणि वातींचा कापूस घेऊन पुढे जातात. त्या दुकानात माझी पावडर लागली की गावात लागली, असा माझा हिशोब. पारदर्शक पुड्यांची पिशवी घेऊन मी बसनं गेले.

काकूंनी एक पुडी घेतली, फळीवरच्या कंपनीच्या पुडीशेजारी धरली, आणि म्हणाल्या, "अवं माय, हे तं पिवळी हाय!"

"पिवळी?" माझे कानच तापले. "काकू, नीट पाहा ना."

"पाहूनच राहिली. धूत असंन चांगली, मी नाही म्हणत नाही. पण बाया डोळ्यानं घेतात ना वं."

"आमच्या मामाजींनी पाहिली आहे ती," मी म्हणाले. "कापसात त्यांची नजर—"

"तू कापूस इकून राहिली का पावडर?" काकू खो खो हसल्या आणि चहा मागवला. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मी तो चहा कसा प्यायले ते मलाच माहीत.

घरी आल्यावर मामाजींनी विचारलं आणि मी सांगितलं. खोटं बोलायला सवड मिळाली नाही, कारण भरलेली पिशवी माझ्या हातातच होती. रात्री जेवताना नवऱ्यानं गंमत म्हणून म्हटलं, "बाबा, डोळे दाखवून घेऊ एकदा. मोतीबिंदू असंन तं सगळंच दुधावर दिसत असंन तुमाले." तो हसला. मी हसले नाही. मामाजींनी अर्धी पोळी ताटात ठेवली आणि हात धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिगावकडचा एक माणूस आला. नेहमीचाच. दुपट्ट्याची गाठ सोडून त्यानं कापूस पुढे केला. मामाजींनी हात पुढे केला नाही.

"दुसऱ्याले दाखव बापू," ते म्हणाले. "माहा डोळा आता कामाचा नाही राहिला."

तो माणूस गोंधळला. त्याला वाटलं, मामाजी रागावले. मी चहा घेऊन आले तोवर तो गाठ मारून निघून गेला होता. कप हातात घेऊन मी उभी राहिले आणि मला सगळ्यांचा राग आला. काकूंचा आला, नवऱ्याचा आला, त्या कंपनीच्या पुडीचा आला. एका शब्दापायी माणसानं असं विझून जावं? जन्मभराची नजर, आणि ती माझ्या धुण्याच्या पावडरीनं घालवली होती. मला फार वाईट वाटलं. मग मी ठरवलं की पावडर पांढरी करायची. इतकी पांढरी की काकूंनी तोंडात बोट घालावं. पावडर पांढरी झाली की मामाजी आपोआप खरे ठरतील.

पहिल्यांदा मी कपड्यांची नीळ घातली. चिमूटभरच घातली, पण कुठे ओल राहिली होती कोण जाणे, सकाळी टबात पाहते तर जागोजागी निळे डाग. चिमण्यांनी शाई सांडल्यासारखं दिसत होतं. तो घाणा फरशा पुसण्यात संपवला. मग गटातल्या बाईंनी नागपूरहून एक चमक आणायची भुकटी मागवून दिली. ती मोहरीएवढी टाकायची. टाकली, कालवली, ताटली अंगणात नेली आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. उन्हात पावडर नुसती झगझगत होती. धावत घरात आणली, तर पुन्हा जशीच्या तशी. अंगणात नेली की चमकते, खोलीत आणली की मलूल. मी ताटली घेऊन आत-बाहेर फेऱ्या घालत होते. शेजारीण कंपाउंडवरून म्हणाली, "काऊन वं, पावडरीले ऊन देऊन राहिली का? बाळंतीण हाय का ते?" या चमकेला सूर्याचा उजेड लागतो, दिव्याखाली ती झोपते, हे मला तेव्हा कळलं. आणि काकूंचं दुकान तर असं खोल आणि अंधारं की तिथे दुपारीही दिवा लागतो. म्हणजे तीही मेहनत वाया.

तोवर नवऱ्याला आपल्या बोलण्याची टोचणी लागली होती. तो मामाजींना रेल्वेनं नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. संध्याकाळी परतला तो दारातूनच ओरडत, "एकदम सही! डॉक्टर म्हणाला, आजोबा, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. रंगांची पुस्तकं दाखवली, सगळी बरोबर ओळखली." मी देवापुढे साखर ठेवली. मामाजी मात्र खुर्चीत बसून होते आणि चेहरा जाताना होता त्याहून उतरलेला.

"आता काय झालं मामाजी?" मी विचारलं.

"डोळा खराब निघाला असता तं बरं होतं," ते म्हणाले. "मंग समजलं असतं. डोळा चांगला हाय, तं ते बाई पिवळी काऊन म्हणे?"

मी त्यांना पाणी आणून दिलं. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "कंपनीची पुडी आण बरं एक. जे तिच्या फळीवर होती ते."

सकाळी त्यांनी ओसरीवर तीन ढीग मांडले. एक कंपनीच्या पावडरीचा, एक माझ्या साध्या पावडरीचा, मधे कापूस. उत्तरेचा उजेड चांगला पडला होता. ते वाकून पाहत राहिले, मग उभं राहून, मग बाजूनं. मी दारात परातीत कणीक मळत होते, आणि कणीक मळून झाली तरी मळतच होते.

"इकडे ये," त्यांनी हाक मारली. "हे काय रंगाचं हाय?" बोट कंपनीच्या ढिगावर.

"पांढरं," मी म्हणाले. मग कापसाकडे पाहिलं, परत तिकडे पाहिलं. "नाही मामाजी. निळ्यावर आहे."

"निळंच हाय. अन् आपली?"

"आपली… कापसासारखी."

"हं," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या मिशीत हसू आलं. "मी कापूस घेऊन बसलो अन् दुनिया निळ्यावर गेली. मले कोणी सांगतलंच नाही."

मी हसले, पण मला जरा लाजही वाटली. लग्नाआधी मीही त्या निळ्यालाच पांढरं म्हणत होते. या घरात राहून माझाही डोळा कापसाचा झाला होता आणि मला पत्ता नव्हता. सौसरला पुडी नेताना मला ती पिवळी दिसली नव्हती, ती काही उगाच नाही.

आता मामाजींची एक गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की झोपेतही सांगेन. जिनिंगमध्ये काही व्यापारी कापसाचा नमुना निळ्या कागदात गुंडाळून आणायचे. निळ्यावर ठेवला की मलूल कापूसही उजळ दिसतो. मामाजी काय करायचे, तर नमुना हातात आला की आधी कागद काढून फेकायचे. "कागद घरी ने, कापूस मले दे," असं म्हणायचे. ही गोष्ट सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

तीच गोष्ट आठवून मी बोलून गेले, "मग आपण पण निळ्या कागदात बांधू या का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परात उचलून आत गेले. त्या दिवशी विषय संपला.

पण पुढच्या बाजाराच्या दिवशी मामाजी काखेत निळ्या कागदाचे ताव घेऊन आले. थेट सतरंजीवर बसले, पट्टीनं कागद फाडले, घड्या घातल्या. नमुन्याची पुडी असते तशीच, वरून उघडणारी, आतून निळी. मी टाचणी मारायला गेले तर हात धरला. "पिन नाही. उघडता आली पाहिजे." आणि मग, कागदाकडेच बघत, "सौसरले मी येतो. दुकानात मी बोलीन, तू नको बोलू."

बसमध्ये ते खिडकीशी बसले होते आणि मांडीवर पिशवी होती. बाहेर संत्र्याच्या बागा मागे जात होत्या. मी मनातल्या मनात जामसांवलीच्या हनुमानाला नारळ बोलले. पावडर खपो न खपो, या माणसाला पुन्हा कोणी खाली पाहायला लावू नये, एवढंच मागितलं.

काकूंनी पुडी उघडली. दुकानात दिवा लागलेला होता. निळ्या कागदात माझी पावडर अशी काही उजळून दिसली की माझाच विश्वास बसेना.

"अवं, हे काय केलं वं?" काकू म्हणाल्या. "आता कशी मस्त पांढरी झाली! म्हटलं नव्हतं मी?"

माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात मामाजींचा हात पुढे गेला. पुडी त्यांनी काकूंच्या हातातून घेतली, म्हणाले, "हात करा बाई," आणि सगळी पावडर काकूंच्या तळहातावर ओतली. निळा कागद चुरगाळून काउंटरवर टाकला.

"आता पाहा," ते म्हणाले.

मला वाटलं, धरणी फाटावी. काकूंनी हाताकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. परत हाताकडे.

"तेच हाय का हे?"

"तेच हाय. माल तोच, कागद निळा. तुमी पिवळी म्हणाल्या, तुमचा डोळा बरोबर होता. मी पहिल्या वेच्याची म्हटली, माहाही बरोबर होता. तुमी कंपनीच्या बाजूनं पाहिली, मी कापसाच्या. धुते कशी ते वापरून पाहा. फसवून नाही द्यायची मले."

काकूंनी तो चुरगळलेला कागद सारखा केला, पावडर त्यावर ओतली, बघितली. पुन्हा हातावर घेतली, बघितली. पुन्हा कागदावर. एक गिऱ्हाईक माचिस मागत उभं होतं, त्याच्याकडे लक्षच नाही.

"मोठी गंमत हाय हे," त्या शेवटी म्हणाल्या. "ठेवून जा सगळ्या. पण बाबाजी, मी कागदासकट इकीन. तुमच्यासारखं ओतून दाखवत बसली तं दुकान बंद होईन माहं."

"इका. पण कोणी ओतून पाहातो म्हटलं तं नाही म्हणू नका."

"नाही म्हणत." काकू पदराला हात पुसायला लागल्या, मग थांबल्या. काउंटरच्या खाली वाकल्या आणि एक गठ्ठा वर काढला. वातींचा कापूस होता. "बाबाजी, आता आलेच हा तं हे पाहून देता का? शनिवारचे लोक म्हणतात, जुना हाय. देणारा म्हणते, नवीन हाय. मले काही समजत नाही त्यातलं."

मामाजींनी लगेच हात पुढे केला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिगावकडच्या माणसाला परत पाठवल्यापासून त्यांनी परक्याचा कापूस हातात घेतला नव्हता, हे आम्हां दोघांनाच माहीत होतं.

"बाहेर उजेड चांगला आहे, मामाजी," मी म्हणाले.

ते दुकानाच्या पायरीवर गेले. उन्हाकडे पाठ केली. रस्त्यानं संत्र्यांचा ट्रक चालला होता, त्याची धूळ बसेपर्यंत थांबले. मग गठ्ठ्याच्या पोटात बोटं घातली, चिमूट ओढली, दोन्ही अंगठ्यांनी धागा ताणून पाहिला, फुंकर मारली. आत येऊन म्हणाले, "नवीनच हाय. ओल खाल्ली त्यानं. उन्हात टाका. रंग नाही येणार वापस, पण वातीले रंग कायले पाहिजे?"

काकूंनी मान डोलावली आणि गठ्ठा उन्हात ठेवायला उचलला. नक्की का, असं त्यांनी विचारलं नाही.

आम्ही निघताना काकूंनी पावडरीच्या हातानंच माझ्या पाठीवर थाप मारली. परतीच्या बसमध्ये मी मामाजींच्या शेजारी बसून खिडकीकडे तोंड केलं आणि थोडं रडून घेतलं. मामाजींनी ते पाहिलं नसावं, किंवा पाहून पाहिलं नाही. सौसर मागे पडल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, पदराले पावडर लागली तुह्या."

"लागू द्या," मी म्हणाले.

ते जरा मागे सरकले, मान तिरकी केली, खिडकीतला उजेड पडेपर्यंत थांबले, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला.

"पांढरी हाय," ते म्हणाले, आणि मिशीत हसायला लागले.

मी पदर पुढे ओढून पाहिला. सकाळच्या गडबडीत मी निळी साडी नेसले होते.